घरातल्या वेदर स्टेशनचा डेटा स्वतःच्या डेटाबेसमध्ये: नेटाटमोच्या एपीआयवर पाइपलाइन कशी बांधायची

म्युनिकमधल्या आमच्या भाड्याच्या घरात दुसऱ्या हिवाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्याला बुरशी धरली. घरमालकांचं म्हणणं एकच: तुम्ही खिडक्या उघडत नाही, वर रोजचा कुकर आणि भाताची वाफ. आमचं म्हणणं, खिडक्या उघडतो, भिंतच थंड आहे. अशा वादात ‘उघडतो हो’ म्हणून काही होत नाही, आकडे लागतात. घरात नेटाटमो कंपनीचं वेदर स्टेशन (तापमान-आर्द्रता मोजून आकडे कंपनीच्या सर्व्हरवर पाठवणारं यंत्र) होतं, त्याच्या अ‍ॅपमध्ये आलेखही छान दिसत होता. पण ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्री ११ ते सकाळी ७, आर्द्रता किती तास ६० टक्क्यांच्या वर होती?’ हे आलेखाला कसं विचारणार? ते डेटाबेसला विचारता येतं. म्हणून ही पाइपलाइन: कंपनीच्या एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रामने डेटा मागायच्या दारातून, आकडे आपोआप आपल्या डेटाबेसमध्ये आणणारी स्क्रिप्ट.

एक आधीच सांगतो. तुम्हाला एकदाच, एखाद्या महिन्याचे आकडे हवे असतील तर पुढे वाचू नका. वेबवर खात्यात जाऊन सीएसव्ही (तक्त्याची फाइल) उतरवा आणि मोकळे व्हा. दर तासाला आपोआप डेटा यायला हवा असेल तरच हा खटाटोप करण्यात अर्थ आहे.

काय काय लागेल:

- स्टेशन आणि त्याचं चालू खातं. आमच्याकडे घरातलं मुख्य युनिट, बाहेरचं एक मॉड्यूल आणि बेडरूममधलं एक जादा मॉड्यूल आहे.
- पायथन ३ आणि त्यातली रिक्वेस्ट्स लायब्ररी (वेबवर विनंत्या पाठवणारी).
- एसक्यूलाइट, एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस. पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस येत असेल तर तेही चालेल, पण एका घरासाठी ती बैलगाडीला विमानाचं इंजिन लावण्यातली गत.
- सतत चालू राहणारं एखादं यंत्र. मी जुना रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) वापरतो. लॅपटॉप नको, तो झाकण मिटलं की झोपतो.
- एक निवांत शनिवार. जुना डेटा खेचायचा असेल तर रविवारही.

१. आधी वहीत लिहा: कोणतं यंत्र, काय मोजतं

कोड लिहायच्या आधी हे दहा मिनिटांचं काम करा. मुख्य युनिट पाच गोष्टी देतं: तापमान, आर्द्रता, कार्बन डायऑक्साइड, हवेचा दाब आणि आवाज. बाहेरचं मॉड्यूल फक्त तापमान आणि आर्द्रता देतं. घरातलं जादा मॉड्यूल तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड देतं. म्हणजे आमच्या घरी एकूण दहा मापं.

साधारण दर ५ मिनिटांनी एक नोंद, म्हणजे दिवसाला २८८. दहा मापांच्या झाल्या २,८८० ओळी, वर्षाला सुमारे साडेदहा लाख. आकडा मोठा वाटतो, पण एसक्यूलाइटला हा नाश्ताही नाही. हा हिशोब आत्ताच करून ठेवा, कारण पुढे ‘सगळा डेटा आला का?’ हे तपासायला २८८ हाच आकडा कामाला येणार आहे.

२. डेव्हलपर पोर्टलवर अ‍ॅप नोंदवा

स्टेशनच्याच खात्याने डेव्हलपर पोर्टलवर लॉगिन करून नवीन अ‍ॅप तयार करा. इथे ‘अ‍ॅप’ म्हणजे फोनवरचं अ‍ॅप नव्हे, तुमच्या स्क्रिप्टची ओळख. नाव काहीही द्या. तिथे क्लायंट आयडी आणि क्लायंट सिक्रेट मिळतात. सिक्रेट कोडमध्ये लिहू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, फाइलची परवानगी ६०० करा (म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येते) आणि ती गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, जाणार नाही याची पहिल्याच दिवशी व्यवस्था लावा. एकदा गिटच्या इतिहासात गेलेलं सिक्रेट नंतर पुसलं तरी इतिहासात राहतंच. मग नवीनच काढावं लागतं.

३. टोकन: इथेच बहुतेकांचं घोडं अडतं

जुने लेख वाचाल तर तिथे युजरनेम आणि पासवर्ड थेट पाठवून टोकन, म्हणजे डेटा मागायचा परवाना, घेतलेलं दिसेल. तो मार्ग बंद झाला आहे. अशा लेखांतला कोड उतरवून ‘का चालत नाही’ म्हणून डोकं फोडू नका.

आता ओऑथ २ (स्क्रिप्टला पासवर्ड न देता परवानगी द्यायची पद्धत) वापरावं लागतं. दुसऱ्यांच्या घरांचा डेटा घेणार असाल तर लॉगिन पान, परवानगी, परतीचा पत्ता असं सगळं बांधावं लागेल. स्वतःच्या एका घरापुरतं काम असेल तर सोपी वाट आहे: पोर्टलवर तुमच्या अ‍ॅपच्या पानावरच टोकन जनरेटर आहे. स्कोप, म्हणजे परवानगीची व्याप्ती, म्हणून फक्त ‘रीड स्टेशन’ निवडा. जास्तीचे स्कोप ‘असू देत’ म्हणून घेऊ नका. हातात दोन टोकन येतात: अ‍ॅक्सेस आणि रिफ्रेश.

अ‍ॅक्सेस टोकन ३ तास चालतं, नेमके १०,८०० सेकंद. ते संपलं की रिफ्रेश टोकन दाखवून नवीन घ्यायचं. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. खरी मेख पुढे आहे: नवीन अ‍ॅक्सेस टोकनबरोबर नवीन रिफ्रेश टोकनही येतं, आणि जुनं बाद होतं. म्हणजे रिफ्रेश टोकन ही घराची किल्ली नाही. ते एसटीचं तिकीट आहे, एका प्रवासाला एक.

यातून तीन नियम निघतात, आणि तिन्ही मी चुकून शिकलो.

पहिला: नवीन टोकन हातात आल्याबरोबर, बाकी काहीही करायच्या आधी, ते डिस्कवर लिहा. मी आधी ‘डेटा आणू, शेवटी टोकन सेव्ह करू’ असं लिहिलं होतं. मध्ये स्क्रिप्ट पडली. जुनं टोकन बाद झालेलं, नवीन हवेत विरलेलं.

दुसरा: फाइलवर थेट लिहू नका. शेजारी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा आणि मग तिचं नाव बदलून जुनीच्या जागी बसवा. वीज नेमकी लिहितानाच गेली तर अर्धवट फाइल उरत नाही.

तिसरा: एक टोकन, एकच यंत्र. मी एका संध्याकाळी लॅपटॉपवर टोकनची फाइल कॉपी करून काहीतरी तपासलं. लॅपटॉपने टोकन ताजं करून घेतलं, आणि कपाटावरच्या रास्पबेरी पायच्या हातात शिळं तिकीट उरलं. तो बिचारा दर तासाला दार ठोठावत होता, दर तासाला नकार मिळत होता. मला कळलं ९ दिवसांनी. तपासायला लॅपटॉपच हवा असेल तर पोर्टलवर दुसरं अ‍ॅप नोंदवून त्याचं वेगळं टोकन घ्या.

४. घरातली मॉड्यूल ओळखून घ्या

‘गेट स्टेशन्स डेटा’ ही विनंती पाठवली की तुमच्या स्टेशनची सगळी कुंडली जेसनमध्ये (प्रोग्रामला वाचता येईल अशा मजकुरात) येते: मुख्य युनिटचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक), प्रत्येक मॉड्यूलचा मॅक पत्ता, प्रकार, बॅटरी आणि ‘डॅशबोर्ड डेटा’ या नावाखाली ताजी मापं. मॉड्यूलना तुम्ही दिलेली नावं इथे दिसतील, पण डेटाबेसमध्ये ओळख म्हणून मॅक पत्ताच ठेवा. आम्ही मधेच ‘बेडरूम’चं ‘बाळाची खोली’ केलं. नावावर विसंबलो असतो तर दोन खोल्या झाल्या असत्या.

सापळा: मॉड्यूल संपर्कात नसेल, म्हणजे बॅटरी संपली किंवा भिंतीआड गेलं, तर त्याच्या उत्तरात ‘डॅशबोर्ड डेटा’ हा भागच नसतो. रिकामा नसतो, नसतोच. स्क्रिप्टने तो आहे असं गृहीत धरलं की एका मॉड्यूलपायी तिन्हींचा डेटा थांबतो.

५. मोजमापं आणणं

मुख्य काम ‘गेट मेझर’ करतं. त्याला मुख्य युनिटचा पत्ता, मॉड्यूलचा पत्ता, मापांची यादी, स्केल, सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्यायची. मापं स्वल्पविराम देऊन एकत्र मागता येतात, प्रत्येकासाठी वेगळी खेप नको.

स्केल ‘मॅक्स’ ठेवा. याचा अर्थ कमाल तापमान नव्हे, जास्तीत जास्त बारीक नोंदी. अर्ध्या तासाची, तासाची, दिवसाची सरासरी हवी असेल तर ती नंतर आपण काढू. सरासरीतून मूळ नोंदी परत मिळत नाहीत. तरीही कोणाला तयार सरासरीच हवी असेल तर ‘रिअल टाइम’ हा पर्याय चालू करा. नाहीतर वेळेवर अर्ध्या स्केलचा शिक्का चढतो: तासाच्या सरासरीची वेळ ३० मिनिटं पुढे दिसते, आणि स्वयंपाकाची वाफ जेवणानंतर निघाल्यासारखी वाटते.

‘ऑप्टिमाइझ’ बंद ठेवा. तो चालू असताना उत्तर आटोपशीर येतं, सुरुवातीची वेळ, पायरी आणि आकड्यांची रांग. मोबाइल अ‍ॅपसाठी ते ठीक. आपल्याला प्रत्येक आकड्याची वेळ शेजारी लिहिलेली हवी. बंद केल्यावर वेळ ही किल्ली आणि मापांची यादी हे मूल्य, असं सरळ येतं. मात्र जेसनमधली किल्ली नेहमी अक्षरी असते, तिला पूर्णांकात बदलायला विसरू नका. यादीतला क्रम तुम्ही ज्या क्रमाने मापं मागितली तोच असतो.

एका खेपेत जास्तीत जास्त १,०२४ नोंदी मिळतात. दर ५ मिनिटांच्या हिशोबाने ते साधारण साडेतीन दिवस होतात. म्हणून मी एका वेळी ३ दिवसांची खिडकी मागतो: ८६४ नोंदी, मर्यादेच्या आत आणि हिशोबाला सोप्या.

आता एक गंमत. पायथनमध्ये ‘मूल्य असेल तर साठव’ असं मोघम लिहिलं की शून्यही गळतो, कारण पायथनच्या लेखी शून्य म्हणजे ‘नाही’. जानेवारीत आमच्या बाहेरच्या तापमानात बारीक भोकं दिसायला लागली, नेमकी पारा शून्यावर असताना. हाच कोड कोथरूडच्या गच्चीवर चालवला असता तर तापमानापुरता हा बग जन्मात सापडला नसता. तपासायचं असतं ते ‘मूल्य नन (पायथनमधलं ‘काहीच नाही’) आहे का?’ आणि नन असेल तर ती ओळ टाळा, तिथे शून्य भरू नका. बंद पडलेलं यंत्र आणि शून्य अंश यांत फरक आहे.

विनंती पाठवताना टाइमआउट द्या, ३० सेकंद पुरेत. रिक्वेस्ट्स स्वतःहून टाइमआउट लावत नाही. नेट मध्येच लटकलं तर स्क्रिप्ट अनंतकाळ वाट पाहते, पडतही नाही आणि चालतही नाही.

६. कच्चं उत्तर जसंच्या तसं ठेवा

आलेलं जेसन आधी फाइलमध्ये टाका, तारखेच्या फोल्डरमध्ये, दाबून (कॉम्प्रेस करून). मगच त्यातून टेबल भरा. शून्याचा तो बग सापडल्यावर मी एपीआयकडे गेलोच नाही. फाइली पुन्हा वाचल्या, टेबल पुन्हा भरलं, वीस मिनिटांत काम झालं.

७. टेबल असं बांधा की दुसऱ्यांदा चालवलं तरी बिघडू नये

एका ओळीत एकच माप: मॉड्यूलचा पत्ता, मापाचं नाव, वेळ, मूल्य. मापागणिक वेगळा रकाना करायचा मोह होतो. करू नका, उद्या पर्जन्यमापक घेतलात की टेबल उकलत बसाल. पहिले तीन रकाने मिळून प्रायमरी की (ओळीची ओळख, जी दोनदा येऊ शकत नाही), आणि घालताना ‘आधीच असेल तर सोडून दे’.

पूर्ण पाइपलाइनचा जीव या एका ओळीत आहे. स्क्रिप्ट दोनदा चालली, अर्ध्यात पडली, तोच आठवडा तिसऱ्यांदा मागवला, काहीही झालं तरी टेबलात दुहेरी नोंद नाही. ९ दिवसांचा तो खोळंबा मी असाच भरून काढला. डेटा त्यांच्या सर्व्हरवर होताच, सुरुवातीची तारीख मागे नेली आणि स्क्रिप्ट चालवली. काय आहे, काय नाही हे तपासत बसावं लागलं नाही.

वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. एपीआय युनिक्स टाइमस्टॅम्प (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) देतो, तो तसाच पूर्णांक म्हणून साठवा. भारतात वाढलेल्या माणसाला घड्याळ बदलण्याची सवय नसते, मलाही नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीत रात्री २ ते ३ हा तास दोनदा येतो. मी सुरुवातीला स्थानिक वेळ साठवली होती. त्या रात्री दुसऱ्या तासाच्या नोंदी ‘आधीच आहेत’ म्हणून सोडून दिल्या गेल्या, दर मापाच्या १२. स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढा.

८. मागचा डेटा खेचा, पण दमाने

एका वापरकर्त्यासाठी मर्यादा आहे: १० सेकंदांत ५० विनंत्या, तासाला ५००. रोजच्या कामात आपण तिच्या जवळपासही जात नाही. पण दोन वर्षांचा डेटा म्हणजे ३ दिवसांच्या खिडक्या, तीन मॉड्यूल, सव्वासातशेच्या वर खेपा. लूप मोकाट सोडला तर ५०० वर अडणारच. प्रत्येक खेपेनंतर १० सेकंद थांबा. दोन तासांत होतं, तोवर बाहेर फिरून या.

इथे अजून एक फसवी जागा आहे. मर्यादा ओलांडली तरी ४०३ (सर्व्हरचा नकार) येतो आणि टोकन संपलं तरी ४०३ येतो. नुसता एचटीटीपीचा आकडा पाहून ‘टोकन ताजं कर आणि पुन्हा मार’ असं लिहिलंत तर मर्यादा ओलांडल्यावर स्क्रिप्ट टोकनांचा धडाका लावते आणि खड्डा आणखी खोल खणते. उत्तराच्या आतला एरर कोड वाचा: ३ म्हणजे टोकन संपलं, २६ म्हणजे वापर जास्त झाला. पहिल्यात ताजं करा, दुसऱ्यात गप्प बसा.

रिकामी खिडकी आली तर घाबरू नका, पुढच्या खिडकीकडे जा. तेव्हा स्टेशन बंद असेल.

९. वेळापत्रक

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात, तासातून एकदा लावा. स्टेशन दर १० मिनिटांनी सर्व्हरला डेटा देतं, म्हणून मिनिटामिनिटाला विचारून काही मिळत नाही. बरोबर ०० मिनिटाला लावू नका, जगातल्या अर्ध्या स्क्रिप्ट तेव्हाच उठतात. माझी ७ व्या मिनिटाला उठते. क्रॉनला तुमचे पाथ माहीत नसतात, पायथनचा आणि फाइलींचा पूर्ण पत्ता लिहा. एकाच वेळी दोन प्रती चालू नयेत म्हणून ‘एफलॉक’ लावा, नाहीतर दोघीही टोकन ताजं करायला धावतील.

कुठून मागायचं? प्रत्येक मॉड्यूलची शेवटची नोंद पाहा, त्याच्या ६ तास मागून मागा. सगळ्यांची मिळून एकच ‘शेवटची वेळ’ धरू नका. बाहेरच्या मॉड्यूलच्या नोंदी एखाद्या वेळी उशिरा आल्या तर घरातल्यांच्या घाईत त्या कायमच्या सुटतील. ६ तासांचा डेटा दर वेळी पुन्हा येतो, येऊ द्या. प्रायमरी की आहे ना.

१०. गप्प झाली तर कळलं पाहिजे

चूक झाल्यावर मेल पाठवणं पुरेसं नाही, कारण यंत्रच बंद असेल तर मेल कोण पाठवणार? म्हणून उलटं करा. रोज सकाळी मला टेलिग्रामवर एक ओळ येते: काल कोणत्या मॉड्यूलच्या किती नोंदी आल्या. २८७ किंवा २८८ दिसलं की चहा घ्यायचा. २१० दिसलं की बॅटरी पाहायची. ओळच आली नाही की कपाटावर चढायचं.

हा डेटा उघड्यावर टाकू नका, हेही इथेच सांगतो. कार्बन डायऑक्साइड आणि आवाज यांचा आलेख पाहून घरात कधी कोणी नसतं हे शेंबडं पोरही सांगेल.

११. आकडे वाचताना

सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी थेट तुलनेला घेऊ नका. घरमालकांशी बोलताना मी आधी हेच केलं आणि तोंडावर आपटलो: घरात ६० टक्के, बाहेर ९० टक्के, मग खिडकी उघडून काय फायदा? पण २२ अंशांना ६० टक्के म्हणजे घनमीटर हवेत साधारण ११.७ ग्रॅम पाणी, आणि २ अंशांना ९० टक्के म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम. बाहेरची ‘ओली’ हवा खरं तर निम्म्याहून कोरडी. मॅग्नसच्या सूत्राने दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं तो) काढा: २२ अंश आणि ६० टक्क्यांना तो १४ अंशांच्या जरा खाली येतो. भिंतीचा कोपरा त्याहून थंड असेल तर तिथे पाणी सुटणारच, कुकर लावा नाहीतर उपाशी राहा.

हे मी कच्च्या टेबलावर एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) करून ठेवलं आहे: दर ओळीला पाण्याचे ग्रॅम आणि दवबिंदू. त्यावरून चार पानं छापली. रोज सकाळी खिडकी उघडल्यावर दहा मिनिटांत पडलेला आकडा आणि दुपारपर्यंत तो पुन्हा चढलेला, असे नव्वद दिवस. घरमालकांनी पानं नीट वाचली आणि भिंतीचं तापमान मोजायला माणूस पाठवायचं कबूल केलं. जाता जाता आलेखातल्या एका उंच टोकावर बोट ठेवून विचारलं, दर शनिवारी सव्वाबाराला हे काय होतं?

पुरणपोळी सांगायचा प्रयत्न केला. शेवटी ‘डाळ शिजवतो’ एवढ्यावर भागवलं.